बाटलीतल्या रोपाचं माहेर



टिश्यू कल्चर हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. जळगावकडची केळी म्हटली की जी-नाईन, आणि जी-नाईन म्हटलं की टिश्यू कल्चरची रोपं, हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतात. आता हाच शब्द औषधी वनस्पतींनाही येऊन चिकटला आहे. पांढरी मुसळी, हळद, शतावरी, कोरफड यांची रंगीत माहितीपत्रकं गटांच्या बैठकीत येऊ लागली आहेत. आमच्या प्रभागातल्या तीन गटांपुढे सध्या असाच एक प्रस्ताव आहे. मुसळीची टिश्यू कल्चर रोपं घ्या, लावा, वाढवा, माल आम्हीच परत घेऊ. रक्कम लहान नाही. तिन्ही गटांची मिळून चार वर्षांची बचत त्यात जाईल. बायका विचारतात, "ताई, यातलं खरं किती?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण ही विद्या कुठून आली, ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे कळलं तर समोरच्याला कोणते प्रश्न विचारायचे ते आपले आपल्याला सुचतात. सोयरीक जुळवताना आपण आधी माहेर विचारतो. तसंच आज या बाटलीतल्या रोपाचं माहेर विचारू या.

घर जसं विटांचं, तसं झाडाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या एकेका पेशीत अख्खं झाड घडवण्याचा नकाशा असतो. आपल्याला हे तसं नवीन नाही. मुतखड्यावर देतात ती पानफुटी आठवा. तिचं पान ओल्या मातीवर पडलं की कडेकडेने बारीक रोपं फुटतात. उसाची कांडी पुरली की ऊस होतो, गुलाबाची फांदी खोचली की गुलाब. पण पान किंवा कांडी नाही, तर फक्त एक पेशी घेतली तर? तिच्यापासून झाड होईल का?

हा प्रश्न १९०२ साली ऑस्ट्रियातले वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी विचारला. त्यांनी पानातल्या पेशी सुट्या केल्या आणि साखर-क्षारांच्या पाण्यात ठेवल्या. पेशी जगल्या, थोड्या फुगल्याही. पण एकीच्या दोन काही झाल्या नाहीत. प्रयोग फसला. तरी एक दिवस हे साधेल, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे १९३९ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना झाडाचा तुकडा बाटलीत सतत वाढता ठेवणं जमलं. मात्र वाढायचा तो नुसता पेशींचा गोळा. त्या गोळ्याला कोंब कसा आणायचा, मूळ कसं आणायचं, हे कोडंच होतं.

ते सुटायला मदत झाली आपल्या घरातल्या एका वस्तूची. ती म्हणजे नारळाचं पाणी. नारळातला कोंब जमिनीत मूळ धरण्याआधी कशावर वाढतो? आतल्या पाण्यावर आणि खोबऱ्यावर. म्हणजे ते पाणी म्हणजे झाडाच्या बाळाचं दूधच. १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याच्या बियांमधले अगदी कोवळे, बारीक गर्भ बाहेर काढले. एरवी ते मरायचे. त्यांना नारळाचं पाणी दिल्यावर ते बाटलीत वाढले. महादेवाला वाहतो त्याच कुळातला हा धोत्रा. विषारी, पण औषधी. त्याचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

नारळाच्या पाण्यात असं काय असतं, ते शोधता शोधता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांना दुसरीच गंमत सापडली. प्रयोगशाळेत माशापासून काढलेल्या द्रव्याची एक जुनी बाटली पडून होती. त्यातलं द्रव्य घातलं की पेशी भराभर विभागायच्या. ताजं द्रव्य आणलं तर काहीच होईना. मग ताजं द्रव्य ऑटोक्लेव्हमध्ये तापवलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला प्रेशर कुकर. तापवल्यावर पेशी पुन्हा विभागू लागल्या. अशा रीतीने १९५५ साली कायनेटिन हे संप्रेरक हाती आलं. दोन वर्षांनी त्यांनी नियमच मांडला. कायनेटिनसारखं संप्रेरक जास्त दिलं तर कोंब येतात, ऑक्झिन नावाचं दुसरं संप्रेरक जास्त दिलं तर मुळं येतात, आणि दोन्हींचा तोल सारखा ठेवला तर नुसता गोळा वाढतो. एका भाजीला तिखट-मीठ कमीजास्त करून वेगळी चव आणावी, तसंच हे. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात स्ट्यूअर्ड यांनी नारळाच्या पाण्याच्याच मदतीने गाजराच्या पेशींपासून रोपं तयार केली. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी रोपांच्या जेवणाची नेमकी पाककृती दिली. साखर, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं मोजून. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तीच 'एमएस' पाककृती वापरतात. हाबरलांट यांचं स्वप्न पुरं व्हायला साठ वर्षं लागली.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी वनस्पतिशास्त्राचा मोठा विभाग उभा केला होता. तिथे शिप्रा गुहा नावाची एक मुलगी संशोधन करत होती. जन्म १९३८ चा, कलकत्त्याचा. पीएच.डी. तिने केली ती कांद्यावर. कांद्याच्या फुलांपासून बाटलीत रोपं वाढवली. त्यानंतर सतीश माहेश्वरी यांच्याबरोबर तिने धोत्र्याचे परागकोष, म्हणजे फुलातल्या पिवळ्या पुड्या, बाटलीत वाढवायला ठेवल्या. अभ्यास वेगळ्याच गोष्टीचा होता. काही आठवड्यांनी पाहते तर परागकोषातून बारीक बारीक गर्भ बाहेर आलेले. ते आले होते परागकणांतून. बी धरलं नव्हतं, फळ धरलं नव्हतं, तरी परागापासून रोप! १९६४ साली हा शोध इंग्लंडच्या 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. शिप्रा गुहा तेव्हा २६ वर्षांच्या होत्या.

याचं महत्त्व काय? नेहमीच्या रोपात आईचा आणि बापाचा असे गुणांचे दोन संच असतात. परागापासूनच्या रोपात एकच संच असतो. तो दुप्पट केला की शुद्ध वाण लगेच मिळतं. एरवी त्यासाठी कित्येक पिढ्या निवड करावी लागते. पुढे चीनसकट अनेक देशांनी भाताची आणि गव्हाची नवी वाणं काढायला ही युक्ती वापरली. शिप्रा गुहा-मुखर्जी नंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २००७ साली त्या गेल्या. जगाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा शोध आहे. आपल्या मुलींना मात्र त्यांचं नाव क्वचितच माहीत असतं. म्हणून मी ते मुद्दाम सावकाश सांगितलं.

महाराष्ट्रातही हे काम जोरात झालं. पुण्याच्या पाषाणमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिला सगळे एनसीएल म्हणतात. तिथल्या जगन्नाथन, मस्करेन्हस, रजनी नाडगौडा आणि हेंद्रे या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हळदीची रोपं टिश्यू कल्चरने झपाट्याने वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हळदच का, ते लावणाऱ्या बायकांना सांगायला नको. हळदीला लागवडीजोगं बी येत नाही. बेणंच लावावं लागतं. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल जेठे गड्डे लागतात. म्हणजे पिकातला मोठा हिस्सा पुढच्या लागणीसाठीच राखून ठेवायचा, आणि गड्ड्यात रोग असेल तर तोही त्याच्याबरोबर पुढच्या शेतात जाणार. बाटलीत एका चांगल्या गड्ड्याच्या कोंबापासून थोड्या जागेत खूप रोपं होतात, आणि काळजी घेतली तर ती निरोगी असतात. याच रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बाटलीतल्या बांबूला काही महिन्यांतच फुलं आणून दाखवली. बाहेर बांबूला फुलायला कित्येक वर्षं लागतात. तोही शोध 'नेचर'मध्ये छापला गेला. आपल्या देशात या विद्येचा धंदा सुरू झाला तो १९८७ च्या सुमारास, केरळमध्ये, वेलदोड्याच्या रोपांपासून.

इथवरचा इतिहास ऐकून एक गोष्ट लक्षात आली असेल. टिश्यू कल्चर हे काही खत नाही की जादूचं बी नाही. ते आईची हुबेहूब नक्कल करतं. आई गुणाची असेल तर लेकी गुणाच्या. आईच्या मुळीत औषधाचा अंश कमी असेल तर दहा हजार लेकींच्या मुळीतही तो कमीच. म्हणून पहिला प्रश्न माहेरचा. मातृवृक्ष कोणता, तो कुणी निवडला, त्याच्या मुळीची तपासणी झाली आहे का?

नक्कलही दर वेळी बिनचूक होतेच असं नाही. मलेशियात पाम तेलाच्या झाडांची टिश्यू कल्चर रोपं मोठ्या आशेने लावली गेली. रोपं दिसायला सुरेख होती. काही वर्षांनी फळं धरली तेव्हा त्यातल्या कित्येक झाडांची फळं वेडीवाकडी निघाली आणि तेल मिळेना. हे १९८० च्या दशकात उघड झालं. बाटलीत पेशींचा गोळा करून वाढवताना त्यांच्या नकाशाच्या वाचनात गडबड झाली होती. म्हणून शहाण्या प्रयोगशाळा शक्यतो गोळा न करता थेट कोंबापासून कोंब वाढवतात, आणि एकाच कोंबाच्या पिढ्यान् पिढ्या काढत बसत नाहीत. हे तपासण्यासाठीच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. रोगमुक्तता आणि एकसारखेपणा या दोन गोष्टी त्यात पाहतात. दुसरा प्रश्न म्हणून हा विचारायचा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, आणि या खेपेच्या रोपांचं प्रमाणपत्र कुठे आहे?

आता मुसळीकडे येऊ. हिचं माहेर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात 'बोरिविलिएनम' असा शब्द आहे, तो मुंबईच्या बोरिवलीवरून आला. १९५० च्या दशकात सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाउ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी हे नाव दिलं. मुसळी पावसाळ्यात जंगलात उगवते, आदिवासी लोक ती खणून विकतात. मागणी वाढली तशी ती जंगलातून कमी होऊ लागली. बी रुजतं कमी, आणि मुळ्या लावायच्या तर वर डोळा असलेला भाग लागतो. म्हणून उदयपूरच्या विद्यापीठात पुरोहित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये टिश्यू कल्चरने मुसळी वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचा हेतू दुर्मीळ होत चाललेली वनस्पती वाचवण्याचा होता.

पण शास्त्राच्या मागून बाजार आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मुसळीची लाट आली. एकरी लाखांचे आकडे सांगितले गेले. माल परत घेण्याच्या हमीवर बेणं महाग विकलं गेलं. पहिल्या काही जणांना पैसा मिळालाही. कसा? त्यांनी आपल्या मुळ्या औषध कंपनीला विकल्या नव्हत्या. नव्याने मुसळी लावणाऱ्या शेतकऱ्याला बेणं म्हणून विकल्या होत्या. दुसऱ्याने तिसऱ्याला विकल्या. नवा लावणारा मिळेनासा झाला तेव्हा सगळा माल एकदम खऱ्या बाजारात आला आणि भाव कोसळला. हमी देणारे बरेच जण तोवर निघून गेले होते. कागदावर सही होती, पण कार्यालयाला कुलूप होतं.

यात टिश्यू कल्चरची काही चूक नव्हती. रोप एकसारखं देणं हे शास्त्राचं काम, ते त्याने केलं. गिऱ्हाईक देणं हे शास्त्राचं काम नाही. म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. माल शेवटी कोण घेणार? रोप विकणाराच घेणार असेल, तर तो पुढे कुणाला विकतो? सुकी मुळी घेणारा औषध कारखाना किंवा व्यापारी आपल्याला भेटू शकेल का? रोपांच्या विक्रीवर चालणारा धंदा आणि मुळीच्या विक्रीवर चालणारा धंदा, हे दोन वेगळे धंदे आहेत.

चौथा प्रश्न साधा आहे, पण पैसे वाचवणारा. या वनस्पतीला टिश्यू कल्चरची गरज आहे का? हळद, केळी, वेलदोडा यांच्यासाठी या विद्येचा उपयोग कळतो. अश्वगंधा, तुळस, काळमेघ तर सरळ बियांपासून येतात. कोरफडीला बाजूने पिलं फुटतात. एका कुंडीतून वर्षात शेजारणींना वाटण्याइतकी होतात. जिथे ओंजळभर बियांवर काम भागतं तिथे बाटलीतल्या रोपाचा भाव का मोजायचा?

या इतिहासाची आणखी एक शाखा आहे, आणि तिथेही एक माणूस आपल्याकडचा आहे. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल ही कर्करोगावरची द्रव्यं शोधली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात टॅक्सॉलने असंख्य बायकांना आयुष्य दिलं आहे. पण साल काढली की झाड मरतं. कॅम्प्टोथेसिनही १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात सापडलं, आणि मग नरक्यावर कुऱ्हाड चालू लागली. खोडं तोडून, तुकडे करून, चोरट्या मार्गाने ती बाहेर गेली.

इथे टिश्यू कल्चरने वेगळी वाट काढली. झाड न वाढवता झाडाच्या नुसत्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवायच्या आणि त्यांच्याकडून औषध करून घ्यायचं. जपानमध्ये १९८३ साली अशाच टाकीतून शिकोनिन हा जांभळट लाल रंग काढला गेला. तिथे पूर्वीपासून औषधात आणि कापड रंगवायला वापरत असलेल्या एका मुळीतला हा रंग. आपल्या रतनजोतीचीच ती लांबची बहीण. त्याची लिपस्टिकही निघाली. पुढे टॅक्सॉलही यूच्या पेशींपासून टाकीत तयार होऊ लागलं. त्या पद्धतीला २००४ साली अमेरिकेत पर्यावरणपूरक रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. झाडं वाचली, ही मोठीच गोष्ट झाली.

आपल्यासाठी यात एक धडा आहे. ज्या वनस्पतीतलं एकच द्रव्य हवं असतं आणि ते फार महाग असतं, तिथे कंपनी शेतकऱ्याला बाजूला ठेवून टाकी उभी करू शकते. जिथे अख्खी मुळी, अख्खा गड्डा, पान हवं असतं, जसं हळदीत किंवा शतावरीत, तिथे शेताला पर्याय नाही. गटाने पैसे गुंतवायचे तर या दुसऱ्या बाजूला.

आणखी एक काम आपल्या हातात येऊ शकतं. बाटलीतलं रोप लाडावलेलं असतं. आत हवा दमट असते, जेवणात साखर असते, त्यामुळे पानांवर मेणाचा थर पातळ राहतो आणि पानांची रंध्रं नीट मिटत नाहीत. एकदम उन्हात ठेवलं तर ते दुपारपर्यंत माना टाकतं. म्हणून ओलसर सावलीत, मग शेडनेटमध्ये, काही आठवडे सवय लावावी लागते. यालाच हार्डनिंग म्हणतात. हे काम रोज लक्ष ठेवणाऱ्या हातांचं आहे. प्रयोगशाळा आपल्याला परवडणार नाही. शेडनेट परवडू शकतं. प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला विचारायला हरकत नाही, की रोपं आम्हाला विकण्याऐवजी सवय लावायचं काम मजुरीवर आमच्याकडे द्याल का? जो फक्त विकायला आला असेल, तो या प्रश्नावर विषय बदलेल.

आमच्या तीन गटांनी बैठकीत ठराव केला आहे. मातृवृक्षाची माहिती, रोपांचं प्रमाणपत्र, शेवटच्या खरेदीदाराचं नाव आणि माल न उचलल्यास भरपाईची अट, हे चारही लेखी आल्याशिवाय बचत खात्यातून रुपया काढायचा नाही. सचिव बाईंनी ते वहीत लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर आलं तर लावणीचा विचार करू. नाही आलं, तर यंदा हळद आहेच.

तुमच्याही गटापुढे असं काही आलं असेल तर केंद्रावर पत्राने कळवा. पुढच्या भागात हळदीचं बेणं घरीच कसं निवडायचं आणि साठवायचं, ते बोलू. नमस्कार.